गवतातली टिकली

मला माफी मागायची सवय आहे. गर्दीत कुणाचा धक्का मला लागला तरी ‘सॉरी’ मीच म्हणतो. बस उशिरा आली की थांब्यावरच्या अनोळखी माणसांसमोर मला ओशाळल्यासारखं होतं. पोलीस खात्यात निम्मं आयुष्य गेलं तरी ही खोड पुरती गेलेली नाही. जी काही कमी झाली ती एका बाईंमुळे, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणतील, “माझ्याबद्दल लिहितोस आणि सुरुवात स्वतःपासून? चल, सुई ओव.”

बाई माझ्या घरमालकीण. गंगापूर रोडपासून जरा आत त्यांचं घर होतं, खाली त्या आणि वर गच्चीला लागून एक खोली. त्या खोलीत मी भाड्याने राहायचो. रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत त्यांचं ड्रेपरीचं दुकान होतं. शाळांची संमेलनं, हौशी नाटकं, गणपतीतले देखावे, सगळ्यांना कपडे तिथून भाड्याने जायचे. मावळे, राण्या, पऱ्या, वाघ, भाजीवाल्या. बाई म्हणायच्या, “या गावातल्या निम्म्या डॉक्टर-वकिलांना मी लहानपणी झाड केलेलं आहे. आता ओळख दाखवत नाहीत.”

स्वतः बाई कशा दिसायच्या हे विचारू नका, कारण न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पोपटी साडी, जांभळे काठ, केसांत अबोली आणि वर केशरी छत्री. रिक्षाला त्या हात करत नसत. रस्त्याच्या कडेला नुसत्या उभ्या राहत आणि रिक्षा थांबत असे. कपड्याबाबत त्यांचा एकच नियम होता. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला दिसलं पाहिजे, आणि तो चष्मा घरी विसरून आला आहे असं धरून चालायचं. त्यामुळे कुठलीही गोष्ट त्या जवळून बघत नसत. भाजीच्या गाडीपासून चार पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून वांगी निवडायच्या. एका लग्नात नवरीचा शालू बघत बघत मागे गेल्या, त्या थेट जिलबीच्या ताटात बसल्या. साडी बदलून आल्या आणि नवरीच्या आईला म्हणाल्या, “शालू छान आहे. जिलबीपर्यंत दिसतो.”

दुसरी गोष्ट टिकलीची. साडीवर शिवतात तसली एक सोनेरी टिकली बाई प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून शिवायच्या. राजाच्या अंगरख्याला आणि भिकाऱ्याच्या फाटक्या सदऱ्यालाही. दुकानाचं नाव कुठेही नाही, फक्त टिकली. एकदा एका शाळेच्या संमेलनात त्यांना संशय आला, की स्टेजवरच्या मावळ्याचा अंगरखा आपला आहे, हरवला म्हणून दुसऱ्या दुकानदाराने दाबून ठेवलेला. बाई विंगेतून सरळ आत गेल्या. मावळ्याची कॉलर उलटी केली, टिकली बघितली, आणि भर पोवाड्यात त्याचा अंगरखा उतरवून घेऊन आल्या. पोरगं बनियनवर गात राहिलं. बाईंनी त्याच्यासाठी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

आणि तिसरी गोष्ट सुईची. बाईंना जवळचं नीट दिसत नसे, त्यामुळे सुईत दोरा जात नसे. मी राहायला आलो त्या आठवड्यातच त्यांनी माझी खोड ओळखली. जिन्यात माझा पाय वाजला, मी म्हणालो, “चुकलं बाई.” नळाला पाणी नव्हतं, मी म्हणालो, “चुकलं.” त्या म्हणाल्या, “पाण्याचं तुझं काय चुकलं? नगरपालिका तू आहेस का? बस इथे. आजपासून एकदा चुकलं म्हणालास की एक सुई ओवून द्यायची.” महिन्याभरात त्यांची सुयांची उशी साळिंदरासारखी झाली. लाल, निळे, पिवळे दोरे लोंबत असायचे. कुणी कौतुक केलं की म्हणायच्या, “हे सगळं पोलिसाचं पाप आहे.” मला त्या पोलीसच म्हणत. “ए पोलीस, वर आहेस का?”

मी तेव्हा नेमबाजांच्या तुकडीत होतो. लोकांना वाटतं नेमबाज म्हणजे दिवसभर गोळ्या झाडणारा माणूस. खरं तर आमचं काम पडून राहण्याचं. एखाद्या गच्चीवर, उतारावर, शेताच्या बांधावर पालथं पडायचं आणि दुर्बिणीतून बघत राहायचं. मी सुरगाण्याकडचा, डोंगरातला. तासन्‌तास न हलता बसणं मला लहानपणापासून जमायचं. पण त्याचंही मला अपराधी वाटायचं. थोरला भाऊ फोनवर म्हणायचा, “गवतात पडून राह्याचा पगार मिळतो का रे? लय भारी काम हाय तुझं. इथं आमी नागलीच्या चिखलात वाकून वाकून मरतो.” तो हसत म्हणायचा, त्याच्या मनात काही नसायचं. मी मात्र पुढचे दोन दिवस गवतात पडलो, की माझ्या डोळ्यांसमोर त्याची वाकलेली पाठ यायची.

आणखी एक कबूल करतो. बंदूक हातात घेतली की दर वेळी मी मनात म्हणायचो, आज बोट दाबायची वेळ येऊ नये. नेमबाजाने असं म्हणावं का, मला माहीत नाही. नेम माझा चांगला होता, म्हणून तर निवडला गेलो. पण सरावात मी दर वेळी सापडायचो. सराव असा असे, की आम्ही उतारावर लपायचं आणि साहेबांनी, म्हणजे आमच्या तुकडीच्या निरीक्षकांनी, खालच्या रस्त्यावरून आम्हाला शोधायचं. उन्हात शोधणाऱ्यांची पावलं वाजायची, कुणी खोकायचं, कुणी पाणी मागायचं. आपल्यापायी यांना किती त्रास, असं वाटून माझी मान वर व्हायची. तेवढं पुरे व्हायचं.

सापडायला दुसरंही कारण होतं. आम्हाला वरून आलेले पोशाख हिरवेगार होते, दाट ओल्या जंगलात घालायचे. आमच्याकडचे डोंगर पावसाळ्यापुरते हिरवे असतात. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, होळीपर्यंत पांढुरकं होतं आणि मधूनमधून काळा दगड वर येतो. साहेब एकदा आम्हाला उतारावर बघून म्हणाले, “भाकरीवर मिरच्या ठेवल्यासारखे दिसताय सगळे.”

मग त्यांनी मला बोलावलं. “तुझी घरमालकीण नाटकाचे कपडे करते ना? तिला विचार, इथल्या गवताचा पोशाख जमेल का. चाचणीपुरता एक. जमला तर सगळ्यांना करू. आणि हे बघ, तो घालून तूच पडायचंस. या वेळी सापडलास तर मी तुला द्वारकेच्या चौकात पाठवतो, वाहतुकीला. तिथे सगळ्यांना दिसलास तरी चालेल.”

द्वारकेचं नाव काढल्यावर माझी घाबरगुंडी उडाली. ज्यांनी तो चौक पाहिला आहे त्यांना सांगायला नको. चारी बाजूंनी ट्रक, बस, रिक्षा, हॉर्न, आणि मधोमध चमकतं जॅकेट घातलेला एक माणूस. सगळे त्याच्याकडे बघणार आणि सगळ्यांची अडचण त्याच्यामुळे. माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा कुठली असणार?

बाईंना विचारलं तर त्या आधी रागावल्याच. “दिसू नये असा कपडा? मग शिवायचा कशाला?”

“साहेबांनी विचारलंय, बाई.”

“आणि तो घालून तू कुणाला मारणार?”

“बहुतेक कुणालाच नाही. बघत राहायचं असतं.”

बाईंनी हातातली सुई उशीत टोचली. मग म्हणाल्या, “बघायचं आणि दिसायचं नाही. म्हणजे प्रेक्षकच की. प्रेक्षकाला कपडे मी आजवर केले नाहीत. बघू.”

दुसऱ्या रविवारी आम्ही शहराबाहेरच्या त्या उतारावर गेलो. बाईंनी घडीची खुर्ची, छत्री, डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि पिशवीभर चिंध्या घेतल्या होत्या. गोणपाट, मांजरपाट, जुनं धोतर, खाकीचे तुकडे. मी त्या चिंध्या गवताला टाचायच्या आणि त्यांनी लांब जाऊन खुर्चीत बसून ओरडायचं.

“तिसरी दिसते! काढ! ती डाव्या बाजूची कुठे गेली?”

“इथेच आहे, बाई.”

“मग तीच राहू दे! तिच्याजवळ दगडी रंगाची लाव!”

बाईंचं म्हणणं असं, की लांबून रंग आधी मरतो आणि आकार मागे राहतो. स्टेजवर राजा लाल आहे की किरमिजी हे शेवटच्या रांगेला कळत नाही, पण त्याचे खांदे कळतात. “तुझे खांदे आणि डोकं मोडायला पाहिजे,” असं त्या भर उन्हात आनंदाने ओरडल्या. रस्त्यावरून एक मोटारसायकलवाला चालला होता, तो थांबून बघायलाच लागला.

सामान सगळं गावातलंच जमवलं. द्राक्षबागेवर पाखरांसाठी घालतात ती जाळी खाली अस्तरासारखी. तिच्यावर कांद्याच्या जुन्या गोण्यांचं गोणपाट, उसवून, पट्ट्या काढून. रंगाला चहाची पावडर, काथ आणि थोडी काळी माती. गच्चीवर मोठ्या पातेल्यात बाई ते ढवळत बसायच्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय शिजतंय?” बाई म्हणाल्या, “पोलीस.”

पहिला पोशाख त्यांनी इतका देखणा केला, की मी तो घालून गच्चीवर उभा राहिलो आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून बाईंचा चेहरा पडला. खाली उतरून, फाटकापर्यंत मागे जाऊन त्यांनी बघितलं आणि तिथूनच ओरडल्या, “उतरव! हे संमेलनातलं झाड आहे! आता ‘मी वड बोलतोय’ म्हणशील!” डाव्या बाजूला जेवढ्या पट्ट्या तेवढ्याच उजव्या बाजूला, खाली सरळ शिवलेली किनार. इतक्या वर्षांच्या हाताने आपोआप नीटनेटकं केलं होतं. दुसरा करताना त्यांनी मुद्दाम डाव्या हाताने कात्री चालवली आणि प्रत्येक वाकड्या कापाला स्वतःलाच शिव्या घातल्या. तो पोशाख जमिनीवर टाकला की वाळक्या गवताचा ढीग वाटायचा. त्याला कांद्याचा वास यायचा. मला तो आवडायचा.

चाचणीच्या दिवशी मी उतारावर पालथा पडलो. ऊन वर चढत होतं. खाली साहेब आणि इतर दुर्बिणी लावून उभे होते. या वेळी मान हलवायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हललीही नव्हती. गवतातून एक मुंगी माझ्या मनगटावर चढली, कोपरापर्यंत जाऊन परत आली, तरी मी तसाच. तेवढ्यात खालून साहेबांचा आवाज आला. “तो बघा. त्या दगडाच्या उजवीकडे. उठ रे.”

मी उठलो. खाली येईपर्यंत माझी मला खात्री पटली होती. “चुकलं साहेब. मान हलली असणार.”

साहेब रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाले, “सोमवारी ऑर्डर काढतो. द्वारका.”

संध्याकाळी बाई ओट्यावर वाट बघत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी सुयांची उशी पुढे सरकवली.

“चुकलं बाई. तुमचा पोशाख चांगला होता. माझीच मान हलली.”

“ओव.”

मी सुई ओवली.

“हलली म्हणजे? तुला आठवतंय का हलल्याचं?”

“आठवत नाही. पण त्याशिवाय कसा सापडेन?”

“साहेबांना दिसलं तरी काय?”

“म्हणाले, गवतात काहीतरी चमकलं.”

बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. “मान चमकते का रे?”

त्यांनी पोशाख ओढून घेतला आणि मानेपाशी चाचपला. उकडत होतं म्हणून पडायच्या आधीच मी कॉलर बाहेर वळवली होती, आणि तिच्या आतल्या बाजूला सोनेरी टिकली होती. बाईंनी ती शिवली होती, मी शिवताना बघितली होती, आणि त्या टिकलीबद्दल आम्हा दोघांच्याही मनात काही आलं नव्हतं. इतकी ती रोजची झाली होती. बाई उठून आत गेल्या. जेवायला हाक मारली नाही. मला वाटलं, मी ‘चमकलं’ हा शब्द सांगायला नको होता, आणि वर जाऊन मी त्याचंही वाईट वाटून घेत बसलो.

सोमवारी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. ऑर्डरसाठी असेल म्हणून गेलो, तर समोरच्या खुर्चीत बाई बसलेल्या. साडी जांभळी, काठ पिवळे. खोलीतल्या खाकीत आणि करड्या कपाटांत त्या एकट्याच रंगीत होत्या. दाराशी आमच्या तुकडीतले तिघेचौघे उगाचच काहीतरी शोधत उभे होते.

साहेब म्हणाले, “बोला मॅडम.”

“मॅडम बँकेत असतात. बाई म्हणा. परवा चमकलं ते याचं नव्हे, माझं.” त्यांनी पिशवीतून पोशाख काढून कॉलर उलटी केली. “ही मी लावली. सवयीने लावली. याची मान जागची हललेली नाही. हा पोरगा रस्त्यात पडलेल्या चुका गोळा करत हिंडतो, आणि तुम्ही त्याचं ऐकता? तुम्ही पोलीस ना?”

साहेबांनी टिकली बघितली, मग माझ्याकडे बघितलं. “तू का नाही बोललास?”

“चुकलं सा—” मी सुरू केलं, आणि बाईंनी हात वर केला.

“थांब. आज माझी पाळी आहे.”

त्यांनी पर्समधून एक सुई आणि काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. साहेबांच्या टेबलावर कोपर टेकून त्या सुई ओवायला लागल्या. दोरा सुईच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून गेला. त्यांनी टोक ओलं केलं, खिडकीकडे तोंड केलं, परत प्रयत्न केला. साहेब म्हणाले, “द्या इकडे, मी—” “हात लावायचा नाही,” बाई म्हणाल्या. मी पुढे झालो, तर माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं, की मी होतो तिथे थिजलो. टेबलावरचा फोन वाजला, साहेबांनी उचलला नाही. दारातले लोक शोधायचं नाटक विसरले. बाईंच्या कपाळावर घाम आला होता आणि गजरा खांद्यावर ओघळला होता. शेवटी दोरा आरपार गेला. त्यांनी गाठ मारली आणि सुई साहेबांच्या कॅलेंडरला टोचून ठेवली.

“झालं,” त्या म्हणाल्या. “आता परत चाचणी घ्या.”

हा सुईचा काय प्रकार होता हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. पण ती सुई त्या भिंतीवर पुढे बरेच दिवस होती, कॅलेंडर बदललं तरी. त्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं, “शुक्रवारी. याला अजून एक संधी. बाई, ती टिकली काढा.”

टिकली काढणं बाईंना जड गेलं. आधी चहा केला, मग अबोलीला पाणी घातलं, मग कात्री सापडत नाही म्हणाल्या. कात्री त्यांच्या मांडीवर होती. धागा कापल्यावर ती टिकली त्यांनी तळहातावर धरली. “बिननावाचा पहिलाच,” म्हणाल्या, आणि ती कुंकवाच्या डबीत टाकली.

शुक्रवारी बाईसुद्धा आल्या. केशरी छत्री, घडीची खुर्ची. साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही इथे बसलात तर आम्हाला दुसरं काही दिसायचं नाही.” तेव्हा त्या रस्त्याच्या पार पलीकडे, सगळ्यांच्या मागे जाऊन बसल्या. त्यांच्या भाषेत शेवटची रांग.

मी आधीच उतारावर पडलो होतो. वारा होता, गवत हलत होतं आणि माझ्या पाठीवरचं गोणपाट त्याच्याबरोबर हलत होतं. साहेब दुर्बीण फिरवत होते. दोघे जण गवतातून चालून गेले, त्यांतला एक माझ्यापासून चार हातांवर उभा राहून नाक शिंकरून गेला. वेळ जात राहिला. मला ऐकू येत होतं की साहेब कुणाला तरी म्हणताहेत, “नक्की वर गेला होता ना?” माझ्या मानेत ती जुनी वळवळ सुरू झाली. सगळ्यांना उन्हात उभं केलंय आपण. मी दात आवळून धरले.

आणि मग बाईंची हाक आली.

“ए पोलीस!”

त्या खुर्चीतून उठल्या होत्या. छत्री खाली पडली होती. “अरे, कुठे आहेस? साहेब, तो दिसत नाही हो. उन्हाने चक्कर वगैरे आली नसेल ना? ए पोलीस!”

हे मला आजही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाने हाक मारली आणि ओ दिली नाही, असं होत नाही. आई रानात हाक मारायची तर मी डोंगराच्या पलीकडून ओ द्यायचो. आणि बाईंच्या आवाजात खरी काळजी होती. माझ्या घशात शब्द आला होता, ‘इथे आहे बाई, चुकलं.’ नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. मी समोरच्या गवताच्या काडीकडे बघत राहिलो. काडीला एक पेर होतं. पेरापाशी ती जराशी वाकली होती. मी मनात म्हटलं, माझं काही चुकलेलं नाही. असं मी मनातसुद्धा पहिल्यांदाच म्हणत होतो. हे वाक्य धरून मी पडून राहिलो.

बाईंनी आणखी एकदा हाक मारली. मग साहेबांनी शिट्टी वाजवली.

मी उठलो तेव्हा साहेब दचकले. त्यांना वाटत होतं त्याच्या पुष्कळ अलीकडे मी होतो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली, एवढंच. मागून टाळ्यांचा आवाज आला. एकटीच्या टाळ्या होत्या, पण दणदणीत. बाई रस्ता ओलांडत, गाड्या थांबवत, टाळ्या वाजवत येत होत्या.

“दिसला नाहीस,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या रांगेतून खरंच दिसला नाहीस.”

परतताना रिक्षात मी विचारलं, “बाई, हाक तुम्ही मुद्दाम मारलीत का? साहेबांनी सांगितलं होतं?”

“खिचडी खा,” त्या म्हणाल्या. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

तुकडीतल्या सगळ्यांना मग बाईंनी पोशाख केले. होळीनंतरचा पांढुरका वेगळा, दिवाळीनंतरचा पिवळा वेगळा. शिवताना कुणी भेटायला आलं की म्हणायच्या, “हे बघू नका, दिसायचं नाही.” त्या पोशाखांत मी पुष्कळ वर्षं पुष्कळ ठिकाणी पडून राहिलो. कुठे, कशासाठी, ते सांगायचं नसतं. बोट दाबायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही, एवढं मात्र सांगतो. याचंही मला कधी कधी वाईट वाटायचं, की पगार फुकट घेतला. बाईंना तसं म्हणालो तर त्यांनी दोन सुया दिल्या.

मग माझ्या नेमाच्या डोळ्याला चष्मा लागला. तुकडीतून नाव कमी झालं आणि बदलीची ऑर्डर आली. द्वारका. साहेब केव्हाच निवृत्त झाले होते, त्यांचा यात हात नव्हता. बाईंनी तोवर दुकान बंद केलं होतं आणि भाचीकडे पुण्याला जायची तयारी चालली होती. घरभर वाघ आणि पऱ्या गाठोड्यांत बांधलेल्या. मी ऑर्डर दाखवली. माझी घाबरगुंडी उडेल म्हणून मी वाट बघत होतो, ती काही उडाली नाही.

“जॅकेट दाखव,” बाई म्हणाल्या.

दाखवलं. पोपटी-पिवळं, चमकत्या पट्ट्यांचं. बाईंचे डोळे लकाकले. फाटकापर्यंत जायला आता त्यांना काठी लागायची, तरी त्या गेल्या आणि तिथून ओरडल्या, “रंग चांगला आहे! पण हे खांदे कुणाचे? तुझे नाहीत!” परत येऊन त्यांनी खांदे आत घेतले. मी म्हणालो, सरकारी आहे, बाई. त्या म्हणाल्या, सरकारला सांग मी केलं. मग त्यांनी कुंकवाची डबी उघडली आणि आतून ती टिकली काढली.

मी उशीवरून एक सुई घेतली आणि ओवून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आता काय चुकलं?”

“काही नाही. तुम्हाला दोरा दिसत नाही म्हणून.”

बाईंनी सुई घेतली. टिकली त्यांनी कॉलरला आतून लावली नाही. जॅकेटच्या छातीवर, चमकत्या पट्टीच्या वर, बाहेरून शिवली.

बाई आता पुण्यात आहेत. मी द्वारकेला उभा असतो. तिथे ट्रक आहेत, हॉर्न आहेत, मधोमध मी आहे, आणि खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटतं. इतकं बरं वाटावं का, अशी शंका अधूनमधून येते, पण तेवढी राहू द्यावी. परवा सिग्नल बंद पडला होता. सगळ्या बाजूंनी गाड्या तुंबल्या होत्या आणि पुढचा रिक्षावाला मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होता.

“ओ मामा,” तो ओरडला, “छातीवर काहीतरी चमकतंय तुमच्या!”

जुना शब्द घशापर्यंत आला होता. मी तो येऊ दिला आणि परत जाऊ दिला.

“हो,” मी म्हणालो, “दिसायलाच लावलीय.” आणि हात वर करून त्याची रांग सोडली.